नायट्रो गाडीची नीडल : सकाळची वेगळी, दुपारची वेगळी

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. शाळेच्या भूगोलात वाचून सोडून दिलेली ही गोष्ट नायट्रो गाडीवाल्याला (नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर पळणारी रिमोटची छोटी गाडी) दर रविवारी आठवावी लागते. एवढ्या उंचीवर हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी कमी असतो. कार्ब्युरेटर हवा तेवढीच ओढतो, पण त्या हवेत प्राणवायू कमी. म्हणून मुंबईहून आणलेली जुनी गाडी तिथल्याच सेटिंगवर सुपर कॉरिडॉरच्या मोकळ्या प्लॉटवर सोडली, तर ती जरा रिच (हवेच्या मानाने इंधन जास्त) चालते: धूर जास्त, आवाज जड, पिकअप सुस्त. त्यात आपल्याकडे जानेवारीची सकाळ १० अंशांची आणि मेची दुपार ४० अंशांची. या दोन हवांच्या घनतेत जवळजवळ १० टक्क्यांचा फरक पडतो. वर्षभर एकच सेटिंग चालत नाही ते यामुळे.

आधी शब्द पक्के करून घेऊ. नीडल म्हणजे कार्ब्युरेटरवरचा, इंधन किती जायचं ते ठरवणारा स्क्रू. अशा दोन असतात: पूर्ण रेसची हाय-स्पीड आणि कमी रेसची लो-स्पीड. नीडल सैल केली, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरवली, की इंधन वाढतं आणि मिक्स्चर रिच होतं. आवळली की लीन. स्क्रूचं डोकं म्हणजे घड्याळाची तबकडी समजायची आणि 'एक तास सैल', 'दोन तास आवळ' या हिशेबात बोलायचं. एक तास म्हणजे फेऱ्याचा बारावा भाग. 'थोडीशी फिरव' असं सांगणाऱ्याचं कुणीही ऐकू नये, कारण त्याचं थोडंसं आणि तुमचं थोडंसं यांत एक पिस्टन जातो.

लीन इंजिन का मरतं, हे इंधनातच लिहिलेलं आहे. गाडीचं नायट्रो इंधन म्हणजे मिथेनॉल, त्यात साधारण १६ ते २५ टक्के नायट्रोमिथेन, आणि तेल. पेट्रोलला जळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, मिथेनॉलला ६.४ पट, आणि नायट्रोमिथेनला जेमतेम १.७ पट, कारण ते आपला बराचसा प्राणवायू बरोबर घेऊनच येतं. म्हणून हे चिमुकलं इंजिन एवढं पितं. पण पिण्यातच त्याचा जीव आहे. मिथेनॉल वाफ होताना उष्णता ओढून इंजिन थंड ठेवतं, आणि वंगणाचं तेल याच इंधनातून येतं, वेगळा ऑइल पंप नाही. मिक्स्चर लीन झालं की ठिणगी पडल्यासारखा वेग येतो, पण त्याच क्षणी थंडावा आणि वंगण दोन्ही कमी होतात. त्या दोन मिनिटांच्या मजेची किंमत कनेक्टिंग रॉड भरतो.

आणि हो, मोटरसायकलचं पेट्रोल टू-टी ऑइल घालून या टाकीत ओतू नका. दरवर्षी कुणीतरी ओततंच. पेट्रोल ग्लो प्लगवर (ठिणगीऐवजी तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा प्लग) चालत नाही, कारण प्लगची प्लॅटिनमची तार मिथेनॉलच्या वाफेशी होणाऱ्या प्रक्रियेनेच तापलेली राहते. पेट्रोलने काम होतं ते एकच, सिलिकॉनच्या नळ्या फुगून निकामी होतात.

आता नीडलकडे यायचं, पण लगेच नाही. ट्यूनिंगच्या दहा तक्रारींतल्या सहा-सात नीडलच्या नसतातच. 'आयडल (रेस न देता इंजिन चालतं तो वेग) कधी वर, कधी खाली', 'काल मस्त चालली, आज बंद पडते', 'नीडल कितीही फिरवा, फरक नाही' अशी वाक्यं ऐकली की स्क्रूड्रायव्हर खाली ठेवायचा आणि हवा कुठून शिरते ते शोधायचं.

सुरुवात टाकीपासून. टाकीला दोन नळ्या: एक इंधनाची, कार्ब्युरेटरकडे जाणारी, दुसरी प्रेशरची, सायलेन्सरकडून येणारी. एक्झॉस्टच्या दाबानेच इंधन पुढे ढकललं जातं, त्यामुळे टाकीचं झाकण नीट बसत नसेल तर नीडल बिचारी काय करणार. टाकी रिकामी करून काढा. इंधनाच्या नळीचं तोंड बंद करा, प्रेशरच्या नळीला मेडिकलवर मिळणारी २० एमएलची सिरिंज लावा, टाकी पाण्याच्या बादलीत बुडवा आणि दांडा हळू दाबा. झाकणाच्या गॅस्केटपाशी किंवा नळी शिरते तिथे बुडबुडे आले, तर चोर सापडला. नळ्याही अशाच तपासा. कार्ब्युरेटरच्या निपलवर नळी बसते तिथे वर्षभरात बारीक चीर पडते, ती डोळ्यांना दिसत नाही, पाण्यात दिसते. टोकाचा सेंटिमीटरभर भाग कापून नळी पुन्हा बसवली की बहुतेक वेळा भागतं.

मग इंजिन. हवा शिरायच्या जागा तीन: कार्ब्युरेटरची मान क्रँककेसमध्ये बसते ती ओ-रिंग, मागची बॅकप्लेट, आणि पुढचं बेअरिंग. पहिल्या दोन जागा घरी बंद करता येतात. कार्ब्युरेटर काढून मानेला उष्णता सहन करणाऱ्या आरटीव्ही सिलिकॉनचा अगदी पातळ थर द्या, कार्ब खाली दाबून धरत पिंच बोल्ट आवळा आणि रात्रभर वाळू द्या. थर पातळच हवा. आत ओघळलेलं सिलिकॉन क्रँकमध्ये गेलं तर नवीन दुखणं. बॅकप्लेटचंही तसंच, तिथले चार स्क्रू कर्णरेषेत, थोडे थोडे करून आवळायचे. पुढच्या बेअरिंगमधून तेलाचा हलका ओलावा चालतो, पण फ्लायव्हीलमागे चिखल जमत असेल तर बेअरिंग बदला.

पुढची तपासणी पिंचची, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला किती घट्ट बसतो त्याची. या इंजिनांत पितळी स्लीव्ह (पिस्टन जिच्यात वर-खाली होतो ती नळी), आतून क्रोमचा मुलामा आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते. थंड असताना पिस्टन तिथे अडकतो, तापल्यावर स्लीव्ह फुलून जागा बरोबर होते. ग्लो प्लग काढा आणि थंड इंजिनाचं फ्लायव्हील हाताने फिरवा. सगळ्यात वरच्या टोकाला पिस्टनने 'चीं' करून कुरकुर केली पाहिजे. लोणी कापल्यासारखं फिरलं तर इंजिन झिजलंय. असं इंजिन थंडपणी सुरू होतं, तापलं की बंद पडतं आणि परत सुरू व्हायला नकार देतं. त्याला नीडलने कुणीही वाचवू शकत नाही; नवा पिस्टन-स्लीव्ह घ्या.

ग्लो प्लगला इग्नाइटर (सुरू करताना प्लगची तार तापवणारं सेलचं साधन) लावून बघा. तार पूर्ण नारिंगी, लख्ख पेटली पाहिजे. अर्धी पेटते तो प्लग कचऱ्यात. इग्नाइटरचा सेल १.२ ते १.५ व्होल्टचा असतो आणि तो अर्धवट चार्ज असतानाच आपण प्लगला शिव्या देतो. टर्बो प्लग आणि साधा प्लग एकमेकांच्या जागी बसत नाहीत: टर्बोची बैठक तिरकी असते, साध्याखाली तांब्याचं वॉशर लागतं.

लिंकेज, म्हणजे सर्वो (रिमोटच्या हुकमावर फिरणारी छोटी मोटर) आणि कार्ब यांना जोडणारी दांडी, तर पाच मिनिटांचं काम. एअर फिल्टर काढून कार्बच्या तोंडातून बघा. आयडलला ०.५ ते १ मिमीची फट दिसली पाहिजे. कागदाच्या यू-क्लिपची तार साधारण १ मिमीची असते, ती जेमतेम जाते इतकी. ब्रेक मारल्यावर सर्वो कार्बला त्याहून बंद करायला ओढत असेल, तर रिमोटवरचा एंड पॉइंट (सर्वो किती फिरायचा ती मर्यादा) कमी करा. नाहीतर ब्रेक मारला की इंजिन बंद, आणि तुम्ही तासभर लो-स्पीड नीडल फिरवत बसाल.

फिल्टरबद्दल माळव्यात जरा जास्त बोलावं लागतं. आपली काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते. फोम कोरडा असेल तर ती सरळ आत जाते आणि ४-५ टाक्यांत पिंच खाते. फोम साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिल्टर ऑइलचे ५-६ एमएल टाका आणि कणीक मळतो तसं मळा, म्हणजे रंग सगळीकडे सारखा दिसेल. मानेला ग्रीसचं बोट फिरवून वरून झिप-टाय. यात एक छुपा धोका आहे. फिल्टर हळूहळू तुंबतो, हवा कमी होते, इंजिन रिच वागतं, तुम्ही नीडल आवळता. पुढच्या रविवारी फिल्टर धुऊन बसवला, नीडल तशीच राहिली, की इंजिन थेट लीन. म्हणून फिल्टर आधी, नीडल नंतर, नेहमीच.

आता नीडल. सगळ्यात आधी आहे ते सेटिंग मोजून वहीत लिहा: नीडल हलकेच टेकेपर्यंत आवळत जा आणि फेरे मोजा. 'हलकेच' हा शब्द महत्त्वाचा, जोर लावला तर नीडलचं टोक आणि तिची बैठक दोन्ही खराब होतात. मग परत तेवढीच सैल. काहीच माहीत नसेल, कुणीतरी सगळं फिरवून ठेवलं असेल, तर मॅन्युअलमधल्या फॅक्टरी सेटिंगवर जा. ते मुद्दाम रिच दिलेलं असतं.

क्रम असा: हाय-स्पीड, मग लो-स्पीड, मग आयडल स्क्रू. याला कारण आहे. टाकीतून आलेलं सगळं इंधन आधी हाय-स्पीड नीडलजवळून जातं आणि मग लो-स्पीडला पोचतं. हाय-स्पीड एक तास आवळली की खालचं मिक्स्चरही थोडं लीन होतं. उलट क्रमाने केलं तर दोनदा काम करावं लागतं, आणि लोक तेच करतात, कारण आयडल कानाला लगेच ऐकू येतं.

इंजिन आधी तापवा. उभं ठेवून रेस देऊन नाही, तर २-३ मिनिटं गाडी चालवून, कमी-जास्त रेस करत. थंड इंजिनावर ठरवलेली प्रत्येक गोष्ट खोटी ठरते. मग सरळ पट्टा हवा. पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे. आपल्याला ६०-७० मीटर पुरतात. पट्ट्यावर दोन-तीन सेकंद पूर्ण रेस द्या आणि धूर बघा. पांढरट-निळसर धुराची सलग बारीक रेघ मागे राहिली पाहिजे. आवाज 'भुडभुड' करत चढत असेल, वेग अडखळत येत असेल, तर एक तास आवळा. पट्ट्याच्या शेवटी आवाज चिरका होऊन वेग अचानक पडला, किंवा धूर दिसेनासा झाला, तर ताबडतोब रेस सोडा आणि दोन तास सैल करा. प्रत्येक बदलानंतर दोन फेऱ्या मारूनच निकाल द्या, कारण आत साठलेलं जुनं मिक्स्चर जळायला वेळ लागतो. सगळ्यात वेगवान जागा सापडली की तिथून एक ते दोन तास मागे, सैल बाजूला, या. तीच तुमची जागा. शर्यतीत कुणी शेवटच्या तासावर जगत असेल. रविवारच्या गाडीला त्याची गरज नाही.

लो-स्पीडचं खरं परीक्षण चिमटीत आहे. गाडी चालवून आणा, १०-१५ सेकंद आयडलवर उभी करा आणि कार्ब्युरेटरला लागूनच इंधनाची नळी बोटांनी दाबून धरा. आता कान द्या. आवाज दोन-तीन सेकंद तसाच राहिला, मग किंचित वर चढला आणि इंजिन बंद पडायला लागलं, तर बरोबर. दाबल्याबरोबर बंद पडलं, तर लीन: एक तास सैल. पाच-सहा सेकंद चढतच राहिलं, खूप वर गेलं, तर रिच: एक तास आवळा. नळी कार्बपासून लांब दाबली तर मधल्या नळीतलं इंधन संपेपर्यंत इंजिन चालतं आणि तुम्ही त्याला रिच समजता. चिमट कार्बच्या अगदी जवळ हवी, ती याचसाठी.

दुसरी परीक्षा: २०-३० सेकंद आयडल, मग एकदम पूर्ण रेस. धुराचा लोट सोडून, गळा दाबल्यासारखं करून मग पळाली, तर लो-स्पीड रिच आहे. आत इंधन साठलं होतं. धूर न सोडता जागच्या जागी 'फट्' करून बंद पडली, तर लीन. दोन्ही वेळा गाडी अडखळते, फरक फक्त धुरात. रिचला लीन समजून आणखी सैल करत जाणारा माणूस शेवटी प्लग बदलत बसतो.

लो-स्पीड आवळल्यावर आयडल आपोआप चढतं, म्हणून आयडल स्क्रू थोडा सैल करून फट कमी करा आणि चिमटीची परीक्षा पुन्हा घ्या. दोन-तीन चकरांत बसतं. आयडलला गाडी आपोआप पुढे सरकत असेल तर आयडल चढलेलं आहे, किंवा क्लचची स्प्रिंग तुटली आहे. क्लच बेल हाताने फिरवून बघा. बेअरिंग अडकलं असेल तर थांबताना इंजिन बंद पडतं आणि तेही लो-स्पीडच्या नावावर खपतं. पट्ट्यावरून परत आल्यावर आयडल लगेच खाली न येता दोन-चार सेकंद वरच लटकत असेल, तर लो-स्पीड लीन आहे किंवा वर सांगितलेली हवा कुठूनतरी शिरते आहे.

तापमान शेवटी. थर्मामीटरची गन घेऊन नीडल लावणारे फार झालेत. प्लगच्या शेजारी, वरून सरळ, दरवेळी त्याच अंतरावरून मोजलं तर साधारण १०० ते १२० अंश सेल्सियस हे ठीक. पण चकचकीत ॲल्युमिनियमच्या हेडवर (इंजिनाच्या वरच्या, पंखांच्या भागावर) इन्फ्रारेड गन कमी आकडा दाखवते, आणि जानेवारीच्या वाऱ्यात लीन इंजिनही ९५ दाखवू शकतं. आकड्याला साक्षीदार समजा, न्यायाधीश नाही. गन नसेल तर थालीपिठाच्या तव्यावर शिंपडतो तसा पाण्याचा एक थेंब हेडवर टाका: तीन-पाच सेकंद चरचरून उडाला तर ठीक, पडताक्षणी उडाला तर फार गरम, नुसता बसून राहिला तर थंड.

इथे हवामानाचा उलटा हिशेब येतो आणि सगळे तिथेच फसतात. मेमध्ये हवा विरळ, म्हणजे त्याच नीडलवर मिक्स्चर रिच होतं. एखादा तास आवळावी लागते. पण गन जास्त आकडा दाखवते म्हणून लोक सैल करतात, गाडी आणखी सुस्त होते, आणि दोष इंधनाला. उन्हाळ्यातली उष्णता नीडलने नाही, हवेने घालवायची: बॉडीची पुढची काच कापून वारा थेट हेडवर येऊ द्या आणि मागे त्याहून मोठं भोक ठेवा, नाहीतर आलेली हवा आतच कोंडते. जानेवारीत उलट. हवा दाट, म्हणून एक-दोन तास सैल, आणि हेड फार थंड राहत असेल तर पंखांच्या पुढच्या बाजूला ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी गुंडाळा. पोह्यांच्या वेळी लावलेली नीडल दुपारच्या जेवणाला तशीच चालेल असं धरू नका. १० अंशांवरून २८ वर हवा गेली की घनता सुमारे ६ टक्क्यांनी उतरते. पावसाळ्यात २८ अंशांना हवा ओलीगच्च असली की तिच्यातला सुमारे ४ टक्के भाग नुसत्या वाफेचा असतो, तेवढा प्राणवायू गेला. तेव्हाही अर्धा-एक तास आवळायची. मिथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून श्रावणात बाटलीचं झाकण उघडं राहिलं तर इंधनावरच शंका घ्या.

थंडीत नवं इंजिन फार घट्ट असतं. पुल-स्टार्टची दोरी जोराने ओढून तोडण्याऐवजी हेअर ड्रायरने हेड ८०-९० अंशांपर्यंत तापवा, मग दोरी फूटभरच, छोट्या झटक्यांनी ओढा. दोरी अडकलीच तर ओढू नका. आत इंधन भरलंय. प्लग काढा, गाडी उलटी करा, भोकावर फडकं धरून फ्लायव्हील फिरवा. पहिल्या ५-६ टाक्या रिच चालवा, पण ९०-९५ अंश तापू द्या. गार ठेवून तासन् तास आयडलवर बसवण्याच्या जुन्या पद्धतीत स्लीव्ह फुलतच नाही आणि पिंच उगाच घासला जातो.

दिवसाच्या शेवटी प्लग काढून तार बघा. करडी, जरा चमकदार, आकार जसाच्या तसा: नीडल बरोबर. ओली आणि नव्यासारखी लखलखीत: रिच. वेडीवाकडी, निस्तेज: लीन. तारेवर पांढरे बारीक कण चिकटले असतील तर ज्वलन वेळेआधी होतंय. तिथे नीडलपेक्षा हेडखाली ०.१ मिमीची एक शिम (पातळ चकती) वाढवावी लागते, विशेषतः १६ टक्क्यांवरून २५ टक्के नायट्रोवर गेला असाल तर. नायट्रो वाढवलं की नीडलही थोडी सैल करायची.

मग टाकी रिकामी करा, उरलेलं इंधन संपेपर्यंत इंजिन चालू ठेवून जाळा. प्लगच्या भोकात आणि कार्बमध्ये आफ्टर-रन ऑइलचे (इंजिन ठेवून देताना आत घालायचं तेल) ४-५ थेंब टाकून फ्लायव्हील दहा-बारा वेळा फिरवा. इंधन घरात, मुलांच्या हाताजवळ ठेवू नका: मिथेनॉल विष आहे, पोटात गेलं तर डोळे जातात, आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. ठेवताना पिस्टन खालच्या टोकाला आणून ठेवा. फ्लायव्हीलवर त्या जागी मार्करने खूण केली की दरवेळी प्लग काढून बघावं लागत नाही. वहीत तारीख, वेळ, तापमान, दोन्ही नीडलचे फेरे आणि तास, प्लगचा नंबर, नायट्रोचे टक्के. पुढच्या जानेवारीत तेच पान काढून तिथूनच सुरुवात करायची.